वेस्ट्रे–पापा वेस्ट्रे विमानसेवा

वेस्ट्रे–पापा वेस्ट्रे विमानसेवा ही स्कॉटलंडच्या उत्तरेकडील ऑर्कनी द्वीपसमूहातील दोन लहान विमानतळांना जोडणारी प्रवासी सेवा आहे. हवाई अंतर सुमारे २.७ किमी असलेली ही जगातील सर्वांत कमी अंतराची नियमित विमानसेवा मानली जाते. लोगनएअर या कंपनीने ती १९६७ मध्ये सुरू केली.

अंतर

वेस्ट्रे व पापा वेस्ट्रे या बेटांच्या मध्ये एक अरुंद सामुद्रधुनी आहे. दोन्ही विमानतळांमधील अंतर एडिनबरो विमानतळाच्या सुमारे २.५ किमी लांबीच्या धावपट्टीपेक्षा थोडेच अधिक भरते.

प्रवासकाल

वेळापत्रकात या उड्डाणासाठी दीड ते दोन मिनिटे धरलेली असतात. वारा अनुकूल असल्यास प्रवास सुमारे एका मिनिटात पुरा होतो. ५३ सेकंद हा या मार्गावरील विक्रम आहे. विमान वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने उडते व उतरते. त्यामुळे वाऱ्याची दिशा बदलली की वळणे वाढतात आणि अंतर तेच असूनही वेळ बदलतो.

या मार्गावर ब्रिटन-नॉर्मन आयलंडर हे दोन इंजिनांचे, आखूड धावपट्टीवर उतरू शकणारे छोटे विमान वापरले जाते. ताशी २४० किमी वेगाने २.७ किमी अंतर सुमारे ४० सेकंदांत कापता येईल. तथापि उड्डाण, चढ व उतार यांतच बहुतेक काळ जात असल्याने स्थिर वेगाने उडण्यास अवधी उरत नाही. म्हणूनच केवळ अंतराला वेगाने भागून विमानप्रवासाचा काळ अचूक काढता येत नाही. मार्ग जितका आखूड, तितकी ही तफावत मोठी.

महत्त्व

हे उड्डाण स्वतंत्र नसून ऑर्कनीचे मुख्य शहर कर्कवॉल येथून निघणाऱ्या फेरीचा एक टप्पा आहे. वेस्ट्रेहून कर्कवॉलला बोटीने सुमारे दीड तास लागतो, तर विमानाने सुमारे १५ मिनिटे. द्वीपसमूहाचे मुख्य रुग्णालय कर्कवॉल येथे आहे. पापा वेस्ट्रेची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेनुसार ९० होती. एवढ्या लहान वस्तीत प्रत्येक सोय उभारणे शक्य नसल्याने शिक्षक, डॉक्टर, रुग्ण व विद्यार्थी यांची ये-जा या सेवेवर अवलंबून असते. पापा वेस्ट्रेवरील नॅप ऑफ हावर या पाच हजार वर्षांहून जुन्या नवाश्मयुगीन घरांच्या अवशेषांमुळे अभ्यासक व पर्यटकही येथे येतात.

विक्रमामुळे या मार्गास जगभर प्रसिद्धी मिळाली असली, तरी बेटवासीयांच्या दृष्टीने त्याचे मोल वाचलेल्या मिनिटांपेक्षा कर्कवॉलशी टिकून राहिलेल्या संपर्कात आहे.