आधी मैदान, मग आलेख

दिवाळीच्या आगेमागे शिरूर-दौंडच्या उसाच्या पट्ट्यात ऊसतोडीच्या टोळ्या उतरतात. आई-वडील फडात, मुलं कोप्यांवर. त्यातली काही आपल्या शाळेत येतात तेव्हा पहिलं सत्र संपलेलं असतं. सातवीच्या ‘गती, बल व कार्य’ या धड्यात त्यांना मागच्या बाकावरून काय हाती लागणार? पारधी वस्तीवरच्या मुलांचंही बऱ्याचदा तेच. फळ्यापाशी गप्प बसणारं हेच पोर खो-खोत मात्र कुणाला सापडत नाही! मग धडा मैदानावरच सुरू करूया की.

फक्कीने 50 मीटरची रेघ मारा, दर 10 मीटरवर खूण करा. प्रत्येक खुणेवर एक मूल उभं. धावणारा खुणेवर आला की त्याने हात वर करायचा आणि मोबाईलच्या स्टॉपवॉचवर लॅपचं बटण दाबायचं. हे बटण नव्याने आलेल्या मुलाच्या हाती द्या. मागचा धडा बुडाला म्हणून इथे काही अडत नाही. समजा पहिल्या 10 मीटरला 2.5 सेकंद लागले, पुढच्या 10 मीटरला 2. म्हणजे सरासरी वेग सेकंदाला 4 मीटरवरून 5 वर गेला. असं का झालं? मुलंच सांगतात, "सुरुवातीला जोर लावावा लागतो, सर." त्वरण आणि बल हे शब्द त्यानंतर फळ्यावर लिहा. मग हीच धाव भुसभुशीत मातीत घ्या, म्हणजे घर्षणाचं काम पायालाच कळतं.

बीड जिल्ह्यातल्या मांडव्याच्या अविनाश साबळेचं गणितही घालावं. त्याचे आई-वडील वीटभट्टीवर राबलेले. 2022 च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत 3000 मीटर स्टीपलचेसमध्ये त्याने 8 मिनिटं 11.20 सेकंदांत रौप्यपदक मिळवलं. सेकंदाला साधारण 6.1 मीटर, तेही 28 अडथळे आणि 7 पाण्याच्या उड्या पार करत. टोळीतली बरीच मुलं बीडकडचीच असतात, हे गणित ती मन लावून सोडवतात.

एक मात्र सांभाळायला हवं. "ही पोरं काटकच" असं आपण कौतुकाने म्हणतो आणि क्रीडा स्पर्धेला त्यांना, विज्ञान प्रदर्शनाला दुसऱ्यांना पाठवतो. म्हणून जो धावला त्यानेच आलेख काढायचा. वेळ लागला तर लागू द्या. मुलींनाही दोन्ही कामं द्या, नुसतं नोंदी लिहायला बसवू नका.

कारखान्याचा पट्टा पडला की टोळी गावाकडे निघते. तेव्हा आलेखाचा कागद मुलाच्या दप्तरात ठेवा आणि मागे धडा कुठवर झालाय ते गावच्या शाळेतल्या बाईंसाठी दोन ओळींत लिहा.