मेडल पुढे बघू, आधी वही काढा!

१ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिम्पिकमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने ५० मीटर रायफल थ्री पोझिशन प्रकारात कांस्यपदक मिळविले. शिक्षकाचा मुलगा, स्वतः तेव्हा मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस. त्या दिवसापासून आमच्या ओळखीच्या कितीतरी घरांत ‘आम्हालाही रायफल शिकायची’ हा हट्ट सुरू झाला. हट्ट वाईट नाही. परंतु स्वप्नीलच्या नावापुढचे आकडे नीट पाहिले पाहिजेत. २०१२ पासून तो आंतरराष्ट्रीय स्पर्धांत उतरत होता आणि पहिले ऑलिम्पिक त्याला मिळाले २०२४ मध्ये. मधली बारा वर्षे कोणी पेढे वाटत नव्हते.

आमच्या घरांतून नेमबाजीला गेलेली मुले सहा महिन्यांत परत येतात, याचे कारण पैसा हे तर आहेच. परंतु दुसरेही एक कारण आहे आणि त्याकडे पालकांचे लक्ष जात नाही. मुले पहिल्याच दिवशी चुकीचे ध्येय ठरवतात. शेजारचा पोरगा ९६ मारतो, मग मलाही ९६ पाहिजेत! हे ध्येय नव्हे, ही दुसऱ्याच्या ताटाकडे पाहणे झाले.

आमच्या परिचयातील एका बस कंडक्टरच्या मुलीचे उदाहरण सांगण्यासारखे आहे. कॉलेजात एनसीसीत असताना तिने पहिल्यांदा रायफल हातात धरली. (अंजली भागवत यांची सुरुवातही मुंबईत कॉलेजच्या एनसीसीतूनच झाली आणि २००० साली सिडनी ऑलिम्पिकच्या अंतिम फेरीपर्यंत त्या पोहोचल्या.) पुढे ही मुलगी दर रविवारी १० मीटर एअर रायफलच्या रेंजवर जाऊ लागली. रायफल क्लबची, जाकीट कोणाचे तरी जुने. घरी कपाटाच्या दारावर तिने कागद चिकटवला, ‘१०० पैकी ९५’. महिनाभरात कागदाकडे पाहवेना, कारण दहा गोळ्यांच्या मालिकेत तिला कधी ८६ पडत, कधी ७४. वडील म्हणाले, “पोरी, हे आपल्यासारख्यांचं काम नाही. सोडून दे.” त्यांचेही चूक म्हणवत नाही, महिन्याच्या पगारातून छर्ऱ्यांचा डबा कसा निघतो ते त्यांनाच माहीत.

रेंजवरच्या एका वयस्कर सरांनी तिला तो ९५ चा कागद फाडायला लावला आणि वही काढायला सांगितली. चार रविवार, प्रत्येक रविवारी चाळीस गोळ्या, म्हणजे एकूण सोळा मालिका. सगळ्यांची बेरीज करून भागाकार केला तर सरासरी आली ८२. सर्वांत कमी मालिका ७४. सर म्हणाले, तुझे ध्येय ९५ नाही. तीन महिन्यांत एकही मालिका ८० च्या खाली जाऊ द्यायची नाही, एवढेच.

वाचकांना हे ध्येय फारच किरकोळ वाटेल. आम्हालाही प्रथम तसेच वाटले. पण थोडा विचार केला म्हणजे त्यातली गंमत कळते. एखादी चांगली मालिका कोणालाही पडते, हवा चांगली, मन प्रसन्न, पडले ९०! वाईट मालिका मात्र उगाच पडत नाही. थकलेल्या हाताने, घाईने, रागाने चाप ओढला म्हणजे पडते. ती वर आणायची तर स्वतःची घाई ओळखावी लागते. रायफल उचलली, श्वास सोडत थांबवला, आणि सात-आठ सेकंदांत नेम स्थिरावला नाही, तर गोळी न मारता रायफल खाली घ्यायची, दोन श्वास घ्यायचे, पुन्हा उचलायची. ऐकायला सोपे, करताना जीव जातो, कारण बोट वळवळत असते. त्या मुलीने वहीत गुणांच्या शेजारी एक रकाना पाडला, ‘आज किती वेळा खाली घेतली’. या रकान्यात शेजारच्या पोराशी तुलना होऊच शकत नाही.

आता नेमके मोजायचे काय, तेही समजून घेऊ. एअर रायफलच्या लक्ष्यावर दहाचे वर्तुळ म्हणजे अर्ध्या मिलिमीटरचा ठिपका, टाचणीच्या माथ्याहूनही लहान. छर्रा ४.५ मिलिमीटरचा. छर्ऱ्याची कड ठिपक्याला लागली तरी दहा धरतात. दहा मीटरवरून हा ठिपका दिसतच नाही, दिसतो तो साडेतीन सेंटिमीटरहूनही लहान असा काळा गोल. तेव्हा नवशिक्याने ठिपक्याच्या मागे लागण्यात अर्थ नाही. त्याने आधी गोळ्या एकत्र पाडायला शिकावे. पाच छिद्रे सध्याच्या एक रुपयाच्या नाण्याखाली (व्यास सुमारे २० मिलिमीटर) झाकली गेली पाहिजेत, हे पहिले ध्येय ठेवावे. ते नाणे बरोबर मध्यावर बसले, तर एकही गोळी सातच्या खाली जात नाही, हिशेब करून पाहा! छिद्रे जवळजवळ आहेत पण एका बाजूला गेली आहेत, तर साईट दुरुस्त करायची. तिथे आपला दोष फारसा नसतो. छिद्रे चहूकडे पसरली असतील तर साईटला हात लावू नये. उभे राहणे, श्वास, चाप यांतच काहीतरी बिघडलेले असते.

उभे राहण्याची एक तपासणी फुकट होते. रायफल नेमावर धरून डोळे मिटायचे, एक श्वास घ्यायचा, डोळे उघडायचे. नेम बाजूला सरकलेला दिसला तर हाताने ओढून आणू नये, पायांची जागा बदलावी. हाताने ओढलेला नेम चाप ओढताना परत पळतो.

आणखी एक सवय या मुलीला फार उपयोगी पडली. गोळी सुटल्यावर लगेच रायफल खाली न घेता क्षणभर तशीच धरायची आणि लक्ष्याकडे न पाहता सांगायचे, ‘उजवीकडे, आठ’. मग पाहायचे. सुरुवातीला दहापैकी तीनदा बरोबर यायचे. ‘दहापैकी सहा’ हे तिचे दुसरे ध्येय झाले. स्वतःची चूक सुटण्याच्या क्षणीच कळू लागली म्हणजे ती दुरुस्त करायला दुसऱ्याची गरज कमी पडते.

खर्चाबद्दल. छर्ऱ्यांच्या बऱ्याच डब्यांत ५०० छर्रे असतात. आठवड्याला १२० म्हणजे एक डबा जेमतेम महिनाभर. म्हणून आधी डबा किती दिवस पुरवायचा ते ठरवावे आणि त्यातूनच ध्येय काढावे, उलट नको. बाकीचा सराव घरी, बिनपैशाचा: आरशासमोर उभे राहण्याची ठेवण, एका पायावर तोल. पिस्तूल शिकणाऱ्याने पाण्याने भरलेली लिटरची बाटली हात सरळ करून धरावी आणि भिंतीवरच्या एका ठिपक्याकडे पाहत रोज थोडी सेकंदे वाढवावीत. क्लबची रायफल घरी आणण्याची गरज नाही. चाळीत खिडकीतून नळी बाहेर दिसली तर शेजारी पोलीस बोलावतील, आणि योग्यच करतील. दुसरे असे, की स्प्रिंगची एअर रायफल छर्ऱ्याशिवाय सोडू नये. आतला भाग खराब होतो.

रेंजवर नळी नेहमी लक्ष्याच्या दिशेला, बोट चापाबाहेर, आणि कोणी कागद बदलायला पुढे गेले की रायफलला हात नाही, या बाबतीत ध्येय वगैरे काही नाही, पहिल्या दिवसापासून शंभर टक्के. छर्ऱ्यात शिसे असते, म्हणून डबा खाण्यापूर्वी साबणाने हात धुणे मुलांच्या अंगवळणी पाडावे, हे काम आईचे तसेच बापाचेही.

पालकांना एक विनंती. मुलगी घरी आल्यावर ‘किती मार्क पडले?’ असे विचारू नका. ‘आज वहीत काय लिहिलंस?’ असे विचारा. तिला मेडल मिळेल की नाही ते कोणालाच सांगता येत नाही. तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला विश्वविजेती झाली तेव्हा तिने ६०० पैकी ५९७ गुण मिळवले. तिथपर्यंत हजारांत एखादीच पोहोचते. बाकीच्यांनी काय रविवारी घरी बसावे?

कंडक्टरच्या मुलीचे तीन महिने संपले तेव्हा सर्वांत कमी मालिका ७९ होती. एका गुणाने ध्येय हुकले. सरासरी मात्र ८६ वर आली होती, ज्या आकड्याचे तिला पूर्वी अप्रूप वाटायचे. सरांनी ८० तसेच पुढे ढकलले. परीक्षेच्या महिन्यात रेंज बंद, फक्त बाटली आणि एक पाय. वडिलांनी मधे एकदा वही मागून घेतली आणि ‘खाली घेतली’ म्हणजे काय, ते विचारले. तिने स्वयंपाकघरातला लाटणा घेऊन त्यांना दाखवले.