डोस ठरवताना उंचीही मोजा

बालरोगतज्ज्ञांच्या दवाखान्यात मूल आधी काट्यावर उभे राहते, मग तपासणीला आत जाते. केसपेपरवर किलोचा आकडा पडतो, डॉक्टर त्याला मिलिग्रॅमने गुणतात आणि डोस लिहितात. बहुतेक मुलांच्या बाबतीत हा हिशेब बरोबरच येतो. पण समजा, दहा वर्षांचा एक मुलगा दम्याने धाप लागून समोर बसला आहे. उंची १३८ सेंटिमीटर, वजन ५८ किलो. या वयाच्या आणि उंचीच्या मुलाचे वजन ३२ किलोच्या आसपास असायला हवे. मग गुणाकार ५८ ने करायचा की ३२ ने?

याचे उत्तर औषधागणिक बदलते. स्नायूंमध्ये जवळपास तीन चतुर्थांश पाणी असते, चरबीत फारच थोडे. त्यामुळे पाण्यात विरघळणारे औषध चरबीत फारसे शिरत नाही आणि पूर्ण वजनावर दिले तर रक्तात त्याचे प्रमाण नको तितके चढते. चरबीत मुरणाऱ्या औषधांचे गणित वेगळे. शिवाय वजन वाढले म्हणून यकृत आणि मूत्रपिंडाची औषध बाहेर टाकण्याची ताकद त्याच पटीत वाढत नाही. याउलट, भूल देताना स्नायू सैल करणारे सक्सिनिलकोलिन पूर्ण वजनावरच द्यावे लागते, नाहीतर ते कमी पडते. म्हणजे ‘जाड मुलाला सरसकट कमी डोस’ हा नियमही चुकीचाच.

दम्याच्या औषधांत हा प्रश्न सर्वांत टोकदार होतो तो थिओफायलिनच्या बाबतीत. दम्याच्या झटक्यात या गटातले इंजेक्शन आपल्याकडे वर्षानुवर्षे दिले गेले. हे औषध चरबीत फारसे जात नाही, म्हणून त्याचा डोस उंचीनुसार असायला हव्या त्या वजनावर काढतात. उपयोगी मात्रा आणि घातक मात्रा यांत अंतरही थोडे. वरच्या मुलाला ५८ किलोच्या हिशेबाने ते दिले, तर हव्या त्या डोसच्या पावणेदोन पटींहून जास्त औषध शरीरात जाईल. उलट्या, छातीत धडधड, प्रसंगी आकडी. मुलांच्या तीव्र झटक्यात हे औषध वापरूच नये, असे दम्याची जागतिक मार्गदर्शक सूचनावली ‘जीना’ सांगते.

प्रेडनिसोलोन या स्टिरॉइडचे तसे नाही. सहा ते अकरा वर्षांच्या मुलांना झटक्यात किलोमागे १ ते २ मिलिग्रॅम द्यायचे, पण दिवसाला ४० मिलिग्रॅमच्या वर जायचे नाही, अशी मर्यादा आखून दिलेली आहे. ती नसती तर आपल्या उदाहरणातल्या मुलाला ११६ मिलिग्रॅमपर्यंत गोळ्या लिहिल्या गेल्या असत्या. मर्यादा पाळूनही हे कोर्स वारंवार झाले तर भूक वाढते, वजन आणखी चढते आणि जास्त वजनाने दमा आणखी आटोक्याबाहेर जातो. तापावरच्या पॅरासिटामॉलचेही बघा: किलोमागे १५ मिलिग्रॅम धरले तर ५८ किलोला एका वेळी ८७० मिलिग्रॅम होतात, ३२ किलोला ४८०. ब्रिटनमध्ये दहा-अकरा वर्षांच्या मुलांसाठी एका वेळची मात्रा ५०० मिलिग्रॅमपर्यंतच ठेवली आहे.

पालकांना मात्र खरी धास्ती वाटते ती पंपाची, म्हणजे इनहेलरची, आणि पंपाचा डोस किलोवर ठरतच नाही. श्वासनलिका मोकळी करणाऱ्या सालब्युटामॉलच्या एका पफमध्ये १०० मायक्रोग्रॅम औषध असते. झटक्यात पंपाला स्पेसर (औषध ओढायची नळी) लावून वीस-वीस मिनिटांनी चार ते दहा पफ देतात. मूल किडकिडीत असो वा स्थूल. औषध थेट श्वासनलिकेत जाते. तिथे वजनापेक्षा महत्त्वाचे ठरते ते तंत्र: पंप हलवणे, स्पेसर तोंडावर किंवा मास्क चेहऱ्यावर नीट बसवणे, एका वेळी एकच पफ आणि त्यानंतर शांतपणे घेतलेले पाच-सहा श्वास. दम्यावरच्या माँटेलुकास्टची गोळीही वयावर ठरते: दोन ते पाच वर्षांना ४, सहा ते चौदा वर्षांना ५ मिलिग्रॅम. या गोळीने काही मुलांच्या झोपेवर, वागण्यावर, मनःस्थितीवर परिणाम होतो, म्हणून अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२० मध्ये तिच्यावर सर्वांत कडक इशारा छापायला लावला. पालकांनी तिकडे लक्ष ठेवायलाच हवे.

तरीही काही स्थूल मुलांना रोजच्या पंपाने पुरेसा आराम पडत नाही. अमेरिका आणि कॅनडातल्या १०४१ दमेकरी मुलांवर नव्वदच्या दशकात मोठा अभ्यास झाला होता. त्याची माहिती पुन्हा तपासल्यावर २०११ मध्ये दिसले, की पंपातून ब्युडेसोनाइड हे स्टिरॉइड ओढणाऱ्या जास्त वजनाच्या मुलांना इतरांपेक्षा कमी फायदा झाला. अशा काही मुलांची फुप्फुसे मोठी, पण त्या मानाने श्वासनलिका अरुंद असतात. शिवाय जिना चढताना लागणारी प्रत्येक धाप दम्याचीच असते असे नाही. म्हणून पफ वाढवण्याआधी स्पायरोमेट्री, म्हणजे फुंकून करायची श्वासाची तपासणी, करून घेणे शहाणपणाचे.

मुलांच्या डोसची ही माहिती उशिरा हाती आली, कारण औषधांच्या चाचण्या बहुतेक मोठ्या माणसांवरच होत. हॅरी शर्की या अमेरिकी डॉक्टरांनी १९६८ मध्येच मुलांना ‘औषधोपचारातली अनाथ’ म्हटले होते. अमेरिकेत मुलांवरील औषधांच्या अभ्यासासाठी २००२ मध्ये कायदा झाला आणि २०१० मध्ये सरकारी पैशातून रुग्णालयांचे जाळे उभे राहिले. उपचारासाठी एखादे औषध आधीच घेत असलेल्या मुलांच्या रक्ताचे थोडेसे नमुने तपासून त्याची योग्य मात्रा शोधण्याचे काम हे जाळे करते. त्यात स्थूल मुलांचाही समावेश आहे.

हा प्रश्न आता आपल्या दारातला आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या दोन फेऱ्यांमध्ये, २०१५-१६ आणि २०१९-२१, देशातल्या पाच वर्षांखालच्या जास्त वजनाच्या मुलांचे प्रमाण २.१ वरून ३.४ टक्क्यांवर गेले. भारतीय मुलांसाठीचे वाढीचे तक्ते २०१५ मध्ये तयार झाले, त्यात पुण्याच्या डॉ. वामन खाडिलकर आणि सहकाऱ्यांचा मोठा वाटा आहे. उंचीनुसार वजन किती असावे, हे त्यावरून मिनिटभरात कळते.

तेव्हा पालकांनी डोस स्वतः कमी-जास्त करू नये, पंप तर मुळीच बंद करू नये. पुढच्या वेळी दवाखान्यात गेलात की मुलाची उंची मोजून केसपेपरवर वजनाशेजारी लिहायला सांगा, आणि गोळी, सिरप किंवा इंजेक्शन लिहिले असेल तर ‘हा डोस कोणत्या वजनावर काढलाय?’ असे डॉक्टरांना जरूर विचारा.