विहिरीचे पाणी आणि प्रार्थना

पालघरहून पश्चिमेस समुद्राकडे गेले म्हणजे खाडीच्या एका तीरावर सातपाटी व दुसऱ्या तीरावर मुरबे ही मच्छीमारांची गावे लागतात. गेल्या हिवाळ्यात आम्ही मुरब्यास गेलो होतो. किनाऱ्यावर बांबूच्या काठ्यांवर बोंबील सुकत होते. आम्ही वही काढताच जवळच्या एका बाईंनी, आम्ही बंदराच्या मोजणीस आलेले लोक तर नव्हे ना, असे प्रथम विचारून घेतले. मुरबे येथे मोठे बंदर उभारण्याचा प्रस्ताव असून मच्छीमारांचा त्यास विरोध आहे. बंदर व्हावे की न व्हावे, ह्याचा निवाडा येथे करावयाचा नाही. परंतु ज्याच्या दारात ते यावयाचे, त्याचे म्हणणे कोण ऐकतो, हा प्रश्न आमच्याबरोबर घरी आला. आणि ह्याच जिल्ह्याच्या दक्षिण टोकास, वसईस, हाच प्रश्न आयुष्यभर विचारीत राहिलेल्या एका ख्रिस्ती धर्मगुरूंची आठवण झाली.

फादर फ्रान्सिस दिब्रिटो हे नंदाखालचे. १९८३ ते २००७ पर्यंत ‘सुवार्ता’ मासिकाचे संपादक, बायबलचे सुबोध मराठीत भाषांतर करणारे, २०२० साली उस्मानाबाद येथे भरलेल्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष. २०२४ च्या जुलैत ते निवर्तले. सुशिक्षित घरांत त्यांची ओळख असते ती साहित्यिक म्हणून. आम्हांस मात्र त्यांचे मोठेपण पुस्तकांपेक्षा विहिरींपाशी अधिक दिसते.

वसई म्हणजे केळीच्या बागा, पानवेली, फुले आणि सुकेळी. बागांतील बावखलांत पावसाचे पाणी साठे, ते जमिनीत मुरे, आणि त्यावर विहिरी गोड राहत. समुद्रकाठच्या भूमीत गोड पाण्याचा हा थर फार नाजूक असतो. मर्यादेबाहेर उपसा झाला की खारे पाणी आत सरकते, आणि एकदा खारावलेली विहीर पुन्हा गोड होणे कठीण. १९८० नंतरच्या दशकात इमारती झपाट्याने वाढू लागल्या, गावच्या विहिरींचे पाणी टँकरने विकले जाऊ लागले, आणि ह्या व्यवहारामागे गुंडगिरीचे बळ उभे राहिले. सामान्य माणूस भयाने गप्प बसला.

अशा वेळी धर्मगुरूने काय करावे? मिस्सा अर्पण करावी, आजाऱ्याची विचारपूस करावी, मृतांसाठी प्रार्थना करावी. एवढ्यावर कोणी त्यास बोल लाविला नसता. परंतु फादर दिब्रिटो हरित वसई संरक्षण समितीच्या अग्रभागी उभे राहिले. सभा झाल्या, मोर्चे निघाले. त्यांत ख्रिस्ती होते तसे हिंदूही होते. धमक्या आल्या, तरी फादर मागे हटले नाहीत. तहानलेल्याचा धर्म कोणता, हे त्यांनी विचारले नाही.

येशूने सांगितलेली एक कथा आपणांपैकी पुष्कळांस ठाऊक असेल. लुटारूंनी मारहाण करून अर्धमेला टाकलेला एक वाटसरू रस्त्यात पडला आहे. पुरोहित पाहून पलीकडून जातो, मंदिराचा सेवकही तसाच जातो, आणि ज्याला सारे हीन लेखीत, तो शोमरोनी मात्र थांबतो. पुरोहित दुष्ट होता असे कथा म्हणत नाही. तो केवळ थांबला नाही. जखम बांधणे हा चांगुलपणा झाला. पण त्याच रस्त्यावर रोज कोणी लुटला जात असेल, तर रस्ता निर्भय करणे हा न्याय होय. पहिल्यास कृतज्ञता मिळते, दुसऱ्यास शत्रू मिळतात. म्हणून खऱ्या श्रद्धेची कसोटी दुसऱ्या ठिकाणी लागते. फादर दिब्रिटो ह्या कसोटीस उतरले, असे आम्हांस वाटते.

वसईचा लढा पुरता जिंकला गेला, असे नव्हे. आज तेथे इमारतींची दाटी आहे, आणि त्या इमारतींत आपलीच माणसे राहतात. त्यांसही घर हवेच होते. आम्ही स्वतः उपनगरात असताना कित्येक उन्हाळे टँकरचे पाणी घेतले. संध्याकाळी देवापुढे दिवा लावून शांत चित्ताने बसलो. ते पाणी कोणाच्या विहिरीतून आले, हे एकदाही विचारले नाही. चोरी आम्ही केली नव्हती. आम्ही केवळ थांबलो नव्हतो.

धर्मांतराची भीती वा परधर्माविषयीची अढी बाजूस ठेवून वाचकांनी एवढेच करून पाहावे: आपल्या सुखाची वस्तू कोणाच्या दारातून येते, हे घरातल्या मुलांसमक्ष एकदा विचारावे. मुरब्याच्या त्या बाईंनी आम्हांस आमचे येणे कशासाठी, हे विचारले होते. तो प्रश्न आता आम्ही आमच्या नळाखाली घागर लावताना स्वतःस विचारतो.