आडवे आकडे, उभा भरणा

सिल्वासा, खडोली हा सगळा पट्टा पॉलिएस्टर धाग्याचा. धाग्याची जाडी डेनियरमध्ये सांगतात. ९००० मीटर धाग्याचं वजन जितके ग्रॅम, तितके डेनियर. प्रत्यक्षात रीलवर ९० मीटरची लडी काढून नाजूक काट्यावर ठेवतात. दीड ग्रॅम भरली, तर धागा १५० डेनियरचा. अशा आकड्यांचे ढीग साठतात आणि त्यांचा अर्थ लावायला 'आर'सारखी संख्याशास्त्रीय संगणकभाषा कामी येते. संपादकांना या भाषेचा परिचय हवा होता. मी मात्र रमलो तिच्या एकाच आज्ञेत. आकड्यांची सलग रांग घेऊन तक्ता बांधणारी ती 'मॅट्रिक्स'.

इतिहास थोडक्यात. १९७६ साली अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये जॉन चेंबर्स आणि सहकाऱ्यांनी 'एस' भाषेचं काम सुरू केलं. तिच्या वळणावर न्यूझीलंडच्या ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका आणि रॉबर्ट जेंटलमन यांनी 'आर' घडवली. २९ फेब्रुवारी २००० रोजी तिची १.० आवृत्ती आली. ती सर्वांना फुकट मिळते. तक्ता भरायची रीत मात्र याहून जुनी, १९५७च्या फोरट्रान भाषेची: पहिला स्तंभ वरून खाली भरायचा, मग दुसरा.

आपण वहीत आडवं लिहितो. समजा, पहिल्या मशीनचे तीन पाळ्यांचे आकडे १५०, १५१, १४९ आणि दुसऱ्याचे १५६, १५५, १५७. दुसरं मशीन जाड धागा काढतंय, हे उघड आहे. तिन्ही पाळ्यांची सरासरी १५३च. हेच सहा आकडे याच क्रमाने देऊन दोन ओळींचा तक्ता मागा. पहिली ओळ येते १५०, १४९, १५५. दुसरी १५१, १५६, १५७. आता पाळ्यांची सरासरी १५०.५, १५२.५, १५६! दोष मशीनचा, पण ठपका रात्रपाळीवर. पडद्यावर एकही सूचना नाही. तक्ता नीटनेटका दिसतो, हीच मला सर्वात काळजीची गोष्ट वाटते. एका ऑपरेटरला उगाच बोलणी खावी लागतील.

'बायरो' हा पर्याय चालू केला की भरणा आडवा होतो. मला त्याहून 'आरबाइंड' पसंत आहे: प्रत्येक मशीनची रांग वेगळी, नावासकट द्यायची आणि एकीखाली एक रचायची. नाव आकड्यांसोबत राहतं.

तरी अडचणी उरतातच. तक्त्यात सगळ्या नोंदी एकाच जातीच्या लागतात. एका घरात कुणी 'धागा तुटला' असं लिहिलं, की सगळे आकडे अक्षरं होतात. पण तिथे सरासरी काढताना गाडी अडते आणि चूक सापडते. आकडे कमी पडले, तर मात्र कठीण. बारा घरांच्या तक्त्याला पाच आकडे दिले, तर 'आर' इशारा देते. सहाच दिले, तर तेच सहा मुकाट्याने पुन्हा भरते, कारण हिशोब पुरा बसतो. म्हणजे अर्ध्या मशीनांची लडी काढलीच नाही, तरी तक्ता भरलेला. म्हणून घरं किती आणि आकडे किती, हे तक्ता बांधण्याआधी तपासणारी एक ओळ प्रत्येक प्रयोगशाळेने लिहून ठेवावी, असा माझा आग्रह आहे.