पंपाच्या पेटीवरची चिठ्ठी

तुम्ही सकाळी नळ उघडता आणि पाणी येते. तुमचे घर चौथ्या मजल्यावर असेल, तर ते पाणी इतके वर कसे चढले, याचा विचार तुम्ही कधी केला आहे का?

पनवेल शहराला गाढी नदीवरील देहरंग धरणातून पाणी मिळते. उन्हाळ्यात धरण आटू लागते, तेव्हा नळाला पाणी ठरावीक वेळीच येते. म्हणून अनेक इमारतींत जमिनीखाली टाकी बांधतात. नळाचे पाणी आधी तिच्यात साठते, मग विजेचा पंप ते गच्चीवरील टाकीत चढवतो. पंप बंद पडला, तर खालची टाकी भरलेली असूनही घरात थेंब येत नाही.

लहान पंपाला २३० व्होल्टची वीज लागते. त्याला तीन तारा जोडतात. आपल्याकडे लाल तारेतून वीज येते. काळी तार परतीची असते. तिला न्यूट्रल म्हणतात. हिरवी तार जमिनीला जोडलेली असते. पंप चालण्यासाठी हिरव्या तारेची गरज नसते. म्हणून काही लोक ती जोडतच नाहीत! हा मोठा धोका आहे. पंपाच्या आत तार उघडी पडली, तर त्याच्या लोखंडी अंगात वीज उतरते. हिरवी तार असेल, तर ती वीज जमिनीकडे जाते आणि फ्यूज उडतो. ती नसेल, तर ओल्या जमिनीवर उभ्या असलेल्या माणसाच्या शरीरातून वीज जाते. तीन पिनांचा प्लग पाहा. जाड आणि लांब पीन या हिरव्या तारेचीच असते. ती लांब असल्यामुळे सर्वांत आधी जोडली जाते.

पण केवळ रंगावर विसंबून चालत नाही. अमेरिकेत गरम पाण्याच्या हौदात पाणी फिरवणारे पंप असतात. तेथे काळ्या तारेतून वीज येते! युरोपात निळी तार परतीची असते, तर आपल्याकडे तीन फेजच्या जोडणीत निळ्या तारेतही वीज असते. म्हणून परदेशी यंत्र आले, की जाणकार वायरमन आधी तपासतो आणि प्रत्येक तारेच्या टोकाला चिठ्ठी लावतो.

स्विचवरही नाव हवे. पुष्कळ इमारतींत दोन पंप आणि दोन सारखेच स्विच असतात. समजा, पहिला पंप बिघडला आहे आणि वायरमन खाली काम करत आहे. वरून कोणी ओरडले, “पाणी नाही!” पहारेकऱ्याने घाईत भलताच स्विच लावला तर? म्हणून काम करणारा फ्यूज काढून खिशात ठेवतो आणि पाटी टांगतो : ‘काम चालू आहे. स्विच लावू नका.’ पहारेकरी परगावचा असू शकतो, म्हणून ही सूचना मराठीबरोबर हिंदी आणि उर्दूतही लिहावी. मराठी व उर्दू आकडे वेगळे दिसतात. तेव्हा स्विचवर आणि त्याच्या पंपावर एकाच रंगाचा ठिपका द्यावा. पंपाच्या खोलीत ओल असते, कागद गळून पडतो. त्यापेक्षा पत्र्यावर रंगाने लिहिलेले बरे.

हे सारे काम वायरमनचे आहे. तुम्ही पेटी उघडू नका. स्विच बंद केल्यावरही पंपाच्या कपॅसिटरमध्ये काही वेळ वीज साठून राहू शकते. त्याच्या झाकणावरही एक चिठ्ठी हवी.