ओघळणारी झिलई

संपादकांनी मला लुओयांगला धाडले ते तांग राजवटीतील (इ. स. 618–907) ‘सानत्साय’ या त्रिरंगी मृत्शिल्पांचा इतिहास लिहिण्यासाठी, परंतु नानशीशान या कारागिरांच्या गावी एका प्रौढ बाईच्या कुंचल्याने माझे चित्त असे काही वेधले की, इतिहास चार वाक्यांत आटोपणे भाग आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी लोहमार्गासाठी खोदकाम चालू असता लुओयांगच्या उत्तरेकडील मांग टेकड्यांत कबरी उघड्या पडल्या आणि घोडे, उंट, वादक, द्वारपाल यांचा लवाजमा उजेडात आला. मृतासमवेत किती मूर्ती पुराव्यात याचाही सरकारी दंडक होता: तिसऱ्या श्रेणीपर्यंतच्या हुद्देदारास 90, पाचवीपर्यंत 60, नववीपर्यंत 40. धनिकांनी तो धाब्यावर बसविला, हे सांगावयास नको.

पांढऱ्या मातीची मूर्ती एकदा सुमारे 1000 ते 1100 अंशांवर भाजली की, तिच्यावर शिशाच्या झिलईचा लेप चढतो. त्यात लोहाने पिवळा-तपकिरी, ताम्राने हिरवा आणि कोबाल्टने निळा रंग येतो. दुसरी भट्टी 800–900 अंशांचीच, कारण शिशामुळे झिलई लवकर वितळते. आणि एकदा वितळली की ती कोणाचा हुकूम मानीत नाही, उतार सापडेल तिकडे धावते व शेजारच्या रंगाच्या हद्दीत शिरते. म्हणूनच ती बाई घोड्याच्या मानेवर सढळ हाताने लेप देई, पण खुरांपाशी हात आखडता घेई. उरलेले काम उतारावर सोपविलेले असे. मानवी मूर्तींचे मुख मात्र बहुधा झिलईवाचून ठेवतात, नाहीतर ओघळाखाली नाक-डोळे बुजून जावयाचे. ते मागाहून रंगविले जाते. रसिक रंगांची वाखाणणी करतात. मला तर ते कोरे ठेवलेले मुखच अधिक बुद्धिमान वाटले.

2008 साली या विद्येची नोंद चीनच्या राष्ट्रीय अमूर्त वारशात झाली खरी, पण शिशाचा प्रश्न नोंदीने सुटत नाही. कच्च्या शिशाची भुकटी श्वासावाटे कारागिराच्या शरीरात जाते, आणि अशी झिलई दिलेल्या पात्रात आंबट पदार्थ ठेवल्यास शिसे अन्नात उतरते. कबरीतल्या धन्याला त्याची क्षिती नव्हती, दिवाणखान्यातल्या पाहुण्याला असावी. काचेसारखे वितळवून दळलेले शिसे वापरल्यास धोका कमी होतो. शिसे अजिबात वगळले, तर ओघळण्याची चाल बदलते. शिवाय नव्या मूर्तीला माती-आम्लाचे संस्कार देऊन प्राचीन म्हणून खपविणारे दलाल आहेतच. भाजल्यापासून मातीत साठलेल्या किरणोत्सारी ऊर्जेचे मोजमाप केल्यास वय कळते. त्यासाठी मात्र मूर्तीच्या तळाला छिद्र पाडून नमुना काढावा लागतो, आणि खरी मूर्ती बाळगणारा प्रत्येक मालक त्याला राजी असतोच असे नाही.